बाकड्यावरच्या आजारी बायका

आमच्या दवाखान्यात आजारी पडायच्या पाळ्या लावलेल्या होत्या. आज कुणाचा गुडघा, उद्या कुणाचा खोकला, सगळं आधी ठरलेलं. माझ्या वाट्याला डोकेदुखी आली होती. एका अर्थी ते खोटंही नव्हतं. जिच्या घरी साखर झालेला नवरा, कामावरून चिडून येणारा मुलगा आणि तोंडाने न बोलता भांड्यांनी बोलणारी सून आहे, तिला डोकेदुखी बाहेरून आणावी लागत नाही.

दवाखाना म्हणजे एकच लांबट खोली, मधे फळ्यांची भिंत घालून दोन केलेली. पूर्वी तिथे सायकली दुरुस्त व्हायच्या. जमिनीवरचा तेलाचा डाग कितीही फिनेल ओतलं तरी गेलेला नाही. पुढच्या भागात भिंतीला लागून बाकडं, आतल्या भागात सिस्टर, तिचं टेबल आणि औषधांचं कपाट. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, बाकी सगळा कारभार सिस्टरचा. ताप, जखमा, इंजेक्शनं, पोटुशा बायकांची तपासणी, म्हाताऱ्यांची साखर. एवढंच. पण हे एवढंसुद्धा नसतं तेव्हा काय होतं, ते आम्ही बघून बसलोय.

आधीची सिस्टर होती तेव्हा एक माणूस चाकू घेऊन आत शिरला. त्याला झोपेच्या गोळ्या हव्या होत्या. तिने ड्रॉवर उघडायला वेळ लावला म्हणून त्याने तोच ड्रॉवर तिच्या बोटांवर आपटला. ती गेली ती गेलीच. दवाखान्याला कुलूप लागलं आणि कुलपावर पाटी आली, सुरक्षेची व्यवस्था होईपर्यंत बंद. व्यवस्था कोण करणार आणि कधी, ते पाटीवर मावलं नसावं. त्याच दिवसांत माझ्या म्हाताऱ्याच्या पायाला साधी खरचटल्याची जखम झाली. मोठं हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बसा बदलून. तिथली रांग बघून तो एकदा परत आला आणि मग रोज म्हणायला लागला, उद्या जाऊ. उद्या उद्या करता अंगठा काळा पडला आणि कापावा लागला. हल्ली तो चपलेत कापडाचा बोळा कोंबून चालतो आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला मला जबाबदार धरतो, ते सोडा.

मग आम्ही बायका आरोग्य खात्याच्या ऑफिसात जाऊन बसलो. साहेब भला माणूस होता, म्हणजे त्याने बसायला खुर्च्या दिल्या. "उपचार मिळणं हा तुमचा हक्कच आहे," तो म्हणाला, "पण कर्मचाऱ्यांची सुरक्षा बघणं हे आमचं काम आहे." एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं. रखवालदार द्या म्हटलं तर मंजुरी नाही. आम्ही राखणीला बसतो म्हटलं तर दवाखान्यात फक्त रुग्णांनाच बसता येतं. किती दिवस आम्ही त्याच्या दारात खेटे घातले ते आता आठवतही नाही. शेवटी त्याने दवाखाना उघडला, पण दम भरूनच. पुन्हा एक जरी प्रकार घडला, तर दवाखाना इथून कायमचा हलेल.

ऑफिसच्या पायरीवर इस्त्रीवाली म्हणाली, "रुग्णांनाच बसता येतं ना? मग होऊ या की रुग्ण! त्यात काय!"

इस्त्रीवाली माझी शेजारीण. तिची टपरी दवाखान्याच्या समोर, टायरवाल्याच्या दुकानाला चिकटून. बाई आडव्या अंगाची, आवाज खणखणीत आणि तोंड असं की शिव्या ऐकायला लोक कपडे टाकायला यायचे. नवरा लवकर गेला, पोरगी लग्न होऊन दूर. गल्लीत कुठे भांडण झालं आणि इस्त्रीवाली तिथे नव्हती, असं कधी घडलेलं नाही. भांडण कुणाचंही असो, ती तापलेली इस्त्री उभी करून धावायची आणि दोन्ही बाजूंना सारख्याच शिव्या घालायची.

दुखणी तिनेच वाटली. मला डोकं, टायरवाल्याच्या बायकोला खोकला, स्वतःला गुडघा. रोज दोघींनी बसायचं. साहेब अचानक आला तर काय होतंय ते सांगता आलं पाहिजे. आणि कुणी वेडावाकडा माणूस आत आला तर ओरडायचं नाही, ओरडलं की तो बिथरतो. फक्त कण्हायचं. "अगं आई गं" असं, मोठ्याने. ते ऐकलं की सिस्टरने आतल्या खोलीची कडी लावून घ्यायची आणि माझा किंवा इस्त्रीवालीचा आवाज आल्याशिवाय उघडायची नाही. टायरवाल्याने पहार घेऊन शटर बडवायचं. शटर वाजलं की गल्लीने धावायचं.

कण्हायची तालीम झाली तेव्हा हसून हसून आमच्या पोटात दुखलं. इस्त्रीवाली असं कण्हायची की टायरवाला पहार टाकून खरंच पाणी आणायला धावला. "तुला नाटकात घ्यायला पाहिजे होतं," मी म्हटलं.

"आता रोज मरायचंच आहे तर नीट मरू," ती म्हणाली. "रोज मरे त्याला कोण रडे!"

नवी सिस्टर माझ्या मुलीच्या वयाची. आधी आमच्याकडे बघून लाजायची, मग सरावली. सकाळी आली की दारातूनच विचारायची, "काय काकू, आज काय होतंय?" आणि आम्ही सांगायच्या आधीच आतल्या खोलीत जायची. तिला ठाऊक होतं की आम्हाला काही होत नाही. आम्ही बाकड्यावर बसून मोजे विणायचो, बटणं लावायचो, लोकांच्या सुनांना नावं ठेवायचो. एकदा एक माणूस कपाटाकडेच बघत बसला होता, त्याला इस्त्रीवालीने कण्हून पळवला. एकदा एक दारुडा. त्यानंतर काही नाही. वर्ष उलटलं, एकही प्रकार नाही. साहेबाने येऊन शाबासकी दिली, आणि रखवालदाराची आता गरजच काय, असंही म्हणाला.

खरं सांगायचं तर आम्ही थकलो होतो. बाकड्यावर बसून बसून पाठी धरल्या होत्या. दवाखाना असणं हा हक्क आहे म्हणे. हक्काची अशी दिवसभर राखण करावी लागते हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही. घरची कामं सूनबाईच्या भांड्यांवर आदळत होती. म्हातारा म्हणायचा, "बायको दवाखान्यात, आजारी मी." आणि आत येणाऱ्या प्रत्येक माणसाला वरून खाली न्याहाळायची अशी सवय जडली होती की रस्त्यावरही सुटत नव्हती. नखं बघायची, खिसे बघायचे, डोळे लाल आहेत का बघायचं. आजारी माणसाचे डोळे लाल असतातच, पण तो विचार कुणी करत नव्हतं.

एकदा सिस्टर म्हणाली, "मागच्या ट्रकच्या यार्डातली माणसं हल्ली येतच नाहीत. जखमा व्हायच्या थांबल्यात की काय त्यांना?"

"बरंच आहे की," इस्त्रीवाली म्हणाली. "तेवढीच काळजी कमी." मीही मान हलवली.

त्या दिवशी दुपारी बाकड्यावर आम्ही दोघीच होतो. इस्त्रीवाली सकाळपासून गप्प होती. "डावा हात जड झालाय गं," म्हणाली.

"इस्त्री उजव्या हाताने करतेस आणि जड डावा होतो? उगाच नाटकं नकोत, साहेब नाहीये इथे."

ती हसली. कपाळावर घाम होता. पण तिच्या कपाळावर घाम नसलेला मी कधी बघितलाच नव्हता. सिस्टर चार पावलांवर आत होती आणि तिला दाखवावं हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. सिस्टरला दाखवायला आम्ही थोड्याच तिथे बसायचो.

तेवढ्यात तो आत आला. अंगाने दांडगा, मानेपासून कोपरापर्यंत गोंदलेला, हातावर दोरखंडाचे वळ. यार्डात माल चढवणारा असणार. डोळे लालभडक, ओठ सुकलेले. कुणाशी न बोलता बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि डोकं भिंतीला टेकवलं. इस्त्रीवालीने मला कोपराने ढोसलं. मी मानेनेच हो म्हटलं, बघितलाय.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "घसा कोरडा पडलाय. टायरवाल्याकडून चहा आण ना."

"याच्यावर लक्ष ठेव," मी तिच्या कानात सांगितलं आणि उठले.

टायरवाल्याची किटली नेहमी गरम असते. दोन पेले घेऊन मी परत आले, दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि आतून ऐकू आलं, "अगं आई गं."

अगदीच फुसकं कण्हणं होतं. तिच्या मानाने तर काहीच नाही. कंटाळा केला हिने, असं क्षणभर मनात आलंसुद्धा. पण खूण ती खूण. आतून सिस्टरची कडी खट्कन लागली. मी वळून टायरवाल्याला हात केला, त्याने पहार उचलली आणि शटर बडवायला सुरुवात केली. मी आत बघितलं तर तो गोंदलेला माणूस सिस्टरच्या दारावर दोन्ही मुठी आपटत होता. "उघडा! सिस्टर, दार उघडा! लवकर!"

"धरा त्याला!" मी किंचाळले. चहा माझ्याच पायावर सांडला, ते मला संध्याकाळी फोड आल्यावर कळलं.

टायरवाला आला, त्याचा भाऊ आला, त्याची बायको, आमची खोकलेवाली, आली, कोण कोण आलं. वर्षभर सगळे या एका क्षणासाठी तयार होते आणि वर्षभरात तो आलाच नव्हता. आता आला तेव्हा कुणाचा हात आवरेना. त्याला खाली पाडला, तेलाच्या डागावर तोंड दाबून धरला. मी त्याच्या पायावर बसले. टायरवाल्याने त्याचा हात मागे ओढून पहारीत अडकवला. तो सुटायला धडपडत नव्हता, हे मला नंतर आठवलं. तो फक्त मान वळवून ओरडत होता, "तिकडे बघा! अहो, त्या बाईकडे बघा!"

"बघू नका," टायरवाला म्हणाला. "नजर हलली की हा पळणार."

"त्या बाईकडे बघा हो!"

कट् असा आवाज झाला. तो माणूस एकदा ओरडला आणि मग गप्प झाला.

आणि त्या शांततेत मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. इतकी झोंबाझोंबी चाललेली आणि इस्त्रीवालीच्या तोंडून एक शिवी नाही. मी मान वळवली. ती बाकड्यावरून घसरून भिंत आणि बाकड्याच्या मधे अडकली होती. डोळे उघडे, तोंड राखेसारखं. विणायचं सुटून लोकर तिच्या पायात गुंतली होती.

"सिस्टर!" मी ओरडले. "सिस्टर, मी आहे, उघड!"

कडी निघाली. सिस्टरने एका नजरेत सगळं बघितलं आणि आम्हाला असं बाजूला सारलं की तिच्यात तेवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. इस्त्रीवालीला सपाट निजवलं, छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला लागली. दाबायची, श्वास द्यायची, पुन्हा दाबायची. कुणीतरी गाडी बोलावली. टायरवाल्याने शटरची पहार अजून हातात धरली होती, ती कुठे ठेवावी ते त्याला सुचत नव्हतं. गाडी आली, तिला घेऊन गेली. मग लक्षात आलं की तो माणूस नाहीये. कधी उठला, कधी गेला, कुणी बघितलंच नाही.

इस्त्रीवाली दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलातच वारली. तिची पोरगी वेळेवर पोचली नाही.

मी सिस्टरला विचारलं, "तू आधी बाहेर आली असतीस तर?"

"मला माहीत नाही, काकू," ती म्हणाली. नाही म्हणाली असती तर मी तिचे पाय धरले असते. पण ती खोटं बोलली नाही. थोड्या वेळाने हात धुताधुता म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता."

गल्लीत मात्र वेगळीच चिंता. त्या माणसाचा हात मोडला होता, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. त्याने तक्रार केली की प्रकार घडला. प्रकार घडला की दवाखाना हलला. टायरवाला तर रात्रीचा जेवेना. "वर्षभर राखलं आणि शेवटी मीच बुडवणार की काय," म्हणून डोकं धरून बसायचा. साहेब येऊन गेला. म्हणाला, एक रुग्ण दगावल्याचं कळलं, वाईट वाटलं, बाकी काही प्रकार? खोकलेवाली खोकली. मी म्हटलं, नाही साहेब. एक रुग्ण दगावला. पहिल्यांदा कुणीतरी इस्त्रीवालीला खरी रुग्ण म्हटलं होतं.

मग ठरलं की कुणीतरी त्या माणसाकडे जाऊन यावं. समजूत घालावी, गप्प राहायला सांगावं. कुणीतरी म्हणजे मी. सिस्टरने मला बाजूला घेऊन वेगळंच सांगितलं. "त्याला म्हणावं हात दाखवायला ये. हाड असंच जुळलं तर वाकडं जुळेल. मग माल उचलता यायचा नाही. आणि त्याचा ताप. तो तापासाठीच आला होता ना?"

दोन्ही निरोप घेऊन मी निघाले. कुठला आधी सांगायचा ते वाटेत ठरवत होते आणि ठरत नव्हतं.

यार्डाच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे. गोंदलेला माणूस कुठे राहतो ते विचारत गेले आणि शेवटच्या खोलीचं दार वाजवलं तर ते साखळीपुरतं उघडलं. तोवर मनातल्या मनात मी त्याला अरे-तुरे करत होते. फटीतून त्याचा चेहरा दिसला आणि तोंडातून आपोआप "अहो" निघालं.

"अहो, मी दवाखान्यातून आलेय."

त्याने मला ओळखलं. पायावर बसलेली बाई कोण विसरेल? मनगट फडक्यात गुंडाळून त्याला लाकडी पट्टीचा तुकडा बांधला होता. हात कोपरापर्यंत सुजलेला. डोळे तसेच लाल.

"ती बाई कशी आहे?" त्याने विचारलं.

गल्लीतून निघताना मी बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तयार केली होती. हा प्रश्न त्यात नव्हता.

"गेली," मी म्हटलं.

त्याने कपाळ दाराच्या कडेला टेकवलं. मग हळू म्हणाला, "मी सांगत होतो."

"हो."

"मी सांगत होतो ना तुम्हाला."

मला तिथेच पायरीवर बसावंसं वाटलं. इस्त्रीवालीला माती दिली तेव्हा रडू आलं नव्हतं, ते तिथे परक्या दारात आलं. माझ्या मैत्रिणीकडे तुम्ही बघा म्हणून हा माणूस जीव तोडून ओरडत होता आणि मी त्याच्या पायावर बसले होते. डोळे पुसले आणि म्हटलं, "तुम्ही तक्रार केली तर दवाखाना बंद होईल. तेच सांगायला मला पाठवलंय. पण मी ते सांगणार नाही. करायची तर करा."

"मी काय तक्रार करणार?" तो म्हणाला. "गेलो तर आधी मलाच विचारतील, तू काय केलंस. तुम्ही सगळ्या एका बाजूला, मी एकटा."

"सिस्टरने बोलावलंय. डॉक्टर येतात त्या दिवशी या. हात वाकडा राहील नाहीतर."

त्याने हाताकडे बघितलं. यायचं त्याच्या मनात होतं, ते दिसत होतं. मग विचारलं, "तिथे बाकड्यावर कोण असतं?"

"मीच असते."

"मग नको," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. साधंच लावलं.

परत येताना यार्डातली माणसं दिसली. एकाच्या पोटरीला मळकं फडकं, एक जण खोकून खोकून वाकलेला. ही माणसं दवाखान्यात का येत नाहीत, ते आता मला कुणी सांगायची गरज नव्हती. चाकूवाला एक आला होता. त्याच्यासाठी लावलेल्या चाळणीत आम्ही हे सगळे अडकवले होते आणि वर म्हणत होतो, बरंच आहे की.

गल्लीत आल्यावर मी सांगितलं, डॉक्टरांच्या दिवशी दुपारी बाकडं रिकामं राहील.

केवढा गहजब झाला! खोकलेवाली म्हणाली, "तुझं डोकं खरंच दुखायला लागलंय." टायरवाला म्हणाला, "आणि नेमकं तेव्हाच कुणी शिरलं तर? त्यानेच काही केलं तर? सूड उगवायला आला तर?"

"तर तुझी पहार आहेच की," मी म्हटलं. "तिचा नेम आता सगळ्यांना माहीत झालाय." हे बोलायला नको होतं. त्याचा चेहरा पडला. पण माझं तोंड आधीपासूनच असं आहे, आणि ते आवरायला जी होती ती आता नव्हती.

सिस्टरला विचारलं, तुला भीती वाटेल का. ती म्हणाली, "भीती रोजच वाटते, काकू. तुम्ही बसता तेव्हाही वाटते. पण कडी लावून घेतली तर मी नर्स कशाला?" मग म्हणाली, "तुम्ही सगळ्याच नका थांबू समोर. तो दारातून परत जाईल."

सगळ्या नाही, असं ठरवूनही सगळ्या थांबल्याच. टायरवाल्याच्या दुकानात आत, टायरांच्या आडोशाने. मी मुद्दाम इस्त्रीवालीच्या टपरीत उभी राहिले. तिचं टेबल, टेबलावरचं भाजून पिवळं पडलेलं जाड कापड, कोपऱ्यात इस्त्री गार पडलेली. लोकांचे काही कपडे अजून तिथेच होते, घडी करून ठेवलेले. कुणी मागायला आलं नव्हतं. मीही कुणाला देत नव्हते.

खऱ्या रुग्णांना सिस्टरने सकाळीच उरकलं होतं. दुपार सरायला लागली तरी तो येईना. खोकलेवाली म्हणाली, नाही यायचा, चला बसू या. मी तिला गप्प केलं. आणि मग तो गल्लीच्या टोकाला दिसला. मोडका हात दुसऱ्या हातात धरून, भिंतीच्या कडेकडेने. दवाखान्यासमोर थांबला, वाकून आत बघितलं. रिकामं बाकडं बघून घेतलं. मग एकदा गल्लीत मागेपुढे बघितलं. मी टपरीत खाली वाकले, शेंबड्या पोरासारखी. तो आत गेला.

बराच वेळ काही नाही. डॉक्टरांचा आवाज, मग सिस्टरचा. पाण्याचा आवाज. टायरवाला सारखा कपाळ पुसत होता. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही. वर्षभराची सवय अशी जात नाही.

आणि मग आतून आलं, "आई गं!"

मोठ्याने, कळवळून. अगदी आम्ही तालमीत शिकलो होतो तसं.

टायरवाल्याचा हात शटरच्या पहारीकडे गेला. दोघीजणी झटकन उभ्या राहिल्या. माझंही एक पाऊल टपरीबाहेर गल्लीत पडलं होतं, खोटं कशाला बोलू. समोरच्या दारातून आतली भिंत दिसत होती, आणि फळ्यांच्या भिंतीतलं ते आतलं दार सताड उघडं होतं. सिस्टरने कडी लावली नव्हती.

"थांबा," मी म्हटलं. "दुखतंय त्याला."